आईंच्या पायात माझे बूट

माझ्या सासूबाई, प्रभा, सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून त्यांनी लोकांना मुंबई, दिल्ली, लंडन जोडून दिलं आणि स्वतः संध्याकाळी भाजी घेऊन घरी आल्या. सासऱ्यांना प्रवासाचा कंटाळा. "बाहेर काय ठेवलंय?" म्हणायचे. ते गेल्यापासून आई दर उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे जर्मनीत, उंटरश्लाइसहाइमला येतात. वय सदुसष्ट, उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. एवढं चांगलं आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगवेल याची खात्री नाही.

टस्कनीत सहा दिवस पायी फिरायचं, हे माझं तीन वर्षांचं खूळ. वोल्टेरापासून सिएनापर्यंत टेकड्या, द्राक्षमळे, जुनी दगडी गावं. सामान गाडीने पुढच्या मुक्कामी जाणार, आपण नुसतं चालायचं. मी आणि माझा नवरा देवदत्त, दोघंच. नऊ वर्षांच्या अन्वीला आई सांभाळणार होत्या. इथे नवे बूट घालून कुणी थेट डोंगरात जात नाही. आधी ते चालून चालून पायाला सरावाचे करून घेतात. मी महिनाभर रोज ऑफिसनंतर घराजवळच्या तळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. टाचांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. देवदत्त एकदाही सोबत आला नाही.

निघायला नऊ दिवस राहिले आणि एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनात जिन्यावर माझा पाय मुरगळला. लिगामेंट फाटलं. डॉक्टरांनी मला आणखी एक बूट दिला, गुडघ्यापर्यंतचा, प्लास्टिकचा, सहा आठवड्यांसाठी.

त्या रात्री जेवताना देवदत्त म्हणाला, "आता कॅन्सल केलं तर श्टोर्नोचा दंड लागेल, पैसे बुडालेच समज. पण नाव बदलून मिळतंय. आई, तू येतेस?"

"मला कुठलं जमतंय," असं आई म्हणतील, याची मला खात्री होती. पोळीचा तुकडा हातात धरून मी वाट बघत होते.

"मीनल, तुझ्या बुटांचा नंबर काय गं?" त्यांनी विचारलं.

"अडतीस."

"माझाही तोच."

अन्वी टाळ्या वाजवत ओरडली, "आजी शाफ्ट दास!" आजीला जमेल म्हणे! मग मी तरी काय बोलणार? "जा ना आई, बरं होईल," म्हणाले आणि हसले. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, ती त्या दिवशी कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंगडत बाहेर आले, तर आईंनी देवापुढे दिवा लावलेला, वाटीत साखर ठेवलेली. माझ्या पायासाठी त्यांनी हे केलं, म्हणून माझे डोळे भरून आले. रात्रभर जे जे मनात आलं होतं त्याची लाजही वाटली.

ती लाज ते दोघं निघेपर्यंतच टिकली. त्यानंतर सहा दिवस मी सोफ्यावर पाय वर करून जळत होते. फोटो यायचे, मी उघडायची नाही, आणि दहा मिनिटांनी उघडायची. पंजाबी ड्रेस, त्याखाली माझे बूट, डोक्यावर माझी टोपी, मागे मोंतेरिज्जोनी गावाची तटबंदी. शेजारी माझा नवरा आईला पाण्याची बाटली उघडून देतोय. व्हिडिओ कॉलवर तो कौतुकाने म्हणाला, "मीनल, अगं आई माझ्यापुढे चालते!" मी म्हटलं, "वा!" आणि अन्वीच्या हातात फोन दिला.

खरं सांगायचं तर मी रोज सकाळी त्यांच्या पुढच्या गावाचं हवामान बघत होते. पाऊस पडावा म्हणून.

ते परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी देवदत्त ऑफिसला गेला, अन्वी मैत्रिणीकडे. आईंनी माझे बूट घासूनपुसून दाराशी ठेवले, चहा केला आणि माझ्यासमोर बसल्या. उन्हाने रापल्या होत्या, दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. तेही मला सोसलं नाही.

"झाली ना मजा?" मी विचारलं. आवाजातली धार मलाच ऐकू आली.

"झाली," त्या म्हणाल्या. मग कपाकडे बघत, "तो दिवा मी तुझ्या पायासाठी नव्हता लावला."

"मग?"

"मला जायला मिळालं म्हणून लावला. तू डोळे पुसलेस, तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही. गेली कितीतरी वर्षं तुमचे फोटो यायचे, आज हे गाव, उद्या ते. मी सांगलीत बसून बघायची आणि मला तुझा हेवा वाटायचा. तुझा पाय मोडला ते वाईटच झालं गं. पण मला आनंद झाला. झाला तो झाला."

मला राग आला, चांगलाच आला. माझ्या फाटलेल्या लिगामेंटबद्दल घरच्या देवाला साखर! आणि त्या रागातच माझ्या तोंडून निघून गेलं, "मीही रोज तुमच्यावर पाऊस पडायची वाट बघत होते, आई."

त्या जराही दचकल्या नाहीत. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली. इतकं खरं आम्ही एकमेकींशी कधी बोललो नव्हतो.

"तिसऱ्या दिवशी पडला," त्या म्हणाल्या. "चांगला दोन तास. देवदत्त वैतागला, मला मात्र फार आवडला." मग दाराकडे बघत पुढे म्हणाल्या, "तुझे बूट चांगले आहेत हो. थेंब आत गेला नाही."