मास्तरांच्या कपाळावरची आठी

"फोटोतल्या मानसाले हासवता येते का, भाऊ?"

माझ्या अकोल्याच्या स्टुडिओत बसून यशवंतनं हे विचारलं, तेव्हाच मी त्याला वाटेला लावायला हवं होतं. साठ सालानंतरची गोष्ट. त्याचे वडील, मूर्तिजापूरचे मास्तर, वारले होते. खेड्यापाड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी तिथे वसतिगृह काढलं होतं. त्याच्या हॉलमध्ये त्यांचा मोठा फोटो लागायचा होता.

घरात फोटो एकच. त्यात कपाळावर ठसठशीत आठी, आणि नजर अशी, की जणू गृहपाठ मीच केला नाही.

आता रिटचिंग म्हणजे काय ते सांगतो. निगेटिव्ह उजेडासमोर तिरप्या काचेवर ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीनं सुरकुतीवर बारीक ठिपके भरायचे. तेवढा भाग छापताना उजळ येतो. चार पुटकुळ्या घालवायची ही विद्या. यशवंतनं सगळा माणूसच बदलून मागितला.

"आठी काढा." काढली. "रंग जरा उजळ करा." केला. "गाल भरा थोडे."

"अरे, मास्तर असे होते का?"

"नव्हते. पन थोर मानूस आदर्श दिसाले पायजे ना."

"आठीवाला माणूस थोर नसतो का?"

"तुमी फोटो करा भाऊ, भाषन मी करतो."

झालं. शेवटी ब्रशनं ओठांचे कोपरेही वर नेले. डोक्यात नुसती तिडीक गेली होती. काम करताना ताडून पाहायला आम्ही रिटचिंग न केलेला एक साधा मोठा प्रिंट काढून ठेवतो. कार्यक्रमाला जाताना तोही गुंडाळून बरोबर घेतला.

हॉल गच्च भरला होता. बहुतेक सगळे मास्तरांच्या हाताखालून गेलेले. फोटोवरचा पडदा सरकला, टाळ्या झाल्या, लोक आरामात गप्पा मारू लागले. मग यशवंतची आई, अनसूयाबाई, हार घेऊन पुढे आल्या. आल्या त्या उभ्याच राहिल्या.

"घाल ना, आई."

"कोनाले?"

"बाबाले."

"हे तुहे बाबा? एवढा संसार केला मी त्यायच्यासंगं. असे हासून कधी पायलं नाही मायाकडं. परक्या मानसाले मी हार घालत नसते."

हॉलमध्ये खसखस पिकली. प्रमुख पाहुणे घड्याळ पाहू लागले. यशवंतचा चेहरा पार उतरला. "भाऊ, कायतरी करा," तो माझ्या कानाशी पुटपुटला.

मी साधा प्रिंट उलगडला आणि फ्रेमच्या काचेवर दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.

बाईंनी आधी पदर सावरला. मग बराच वेळ पाहत राहिल्या. "हे पाय," त्या यशवंतला म्हणाल्या, "आता खेकसतीन असे वाटून राहिले." त्यांचे डोळे भरून आले. हार त्यांनी घातला, तो फ्रेमला आणि माझ्या मनगटांना मिळून.

मागच्या रांगेत एक लेकुरवाळा वकील तंबाखू मळत होता. त्यानं ती गुपचूप खिशात सोडली आणि ताठ बसला.

हसरा फोटो त्याच संध्याकाळी उतरला. तेव्हापासून गेलेल्या माणसाचा फोटो करायला कुणी आलं, की मी आधी विचारतो, त्यांच्या मंडळी आहेत का? असल्या तर त्यांना आत पाठवा. मुलांनी बाहेर बाकावर बसावं.