यॉटवरची बोलणी

नदीत बोट फिरवतात एवढं ऐकून होते. तिला यॉट म्हणायचं आणि तिच्यावर बसून लोक जेवतात, हे ताईच्या होऊ घातलेल्या सासऱ्यांच्या फोनवरून कळलं. त्यांनी दोन्ही घरच्यांचं बुकिंग करून टाकलं होतं. "निवांत बोलणं होईल. हॉटेलात फार गोंगाट असतो."

नदीबद्दल मी तोपर्यंत अकरा पत्रकं लिहिली होती. नदीत काय सोडतात, कुठून सोडतात, कोण बघूनही बघत नाही. त्यामुळे निघायच्या आधी आईने मला शनिवार पेठेतल्या आमच्या जिन्यात गाठलं. "पाण्याबद्दल एक शब्द काढायचा नाहीस. ताईचं ठरतंय." ताई त्या मुलाला दोनदा भेटून आली होती आणि तेव्हापासून भांडी लावताना गुणगुणत होती. मी शब्द दिला. दिलेला शब्द मी पाळते. न पाळणाऱ्यांवर माझं वेगळं पत्रक आहे.

यॉट म्हणजे पांढरी दुमजली बोट. बंधाऱ्यापासून पुलापर्यंत जाते, वळते, परत येते, पुन्हा जाते. चढताना एक माणूस प्रत्येकाच्या मनगटाला अत्तर लावत होता. जेवताना हात नाकाजवळ येतोच, असा विचार करून केलेली व्यवस्था होती.

मुलाकडची वाघोलीची मंडळी आधीच येऊन बसली होती. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील. वडील फार खुशीत होते. "काय, परदेशात आल्यासारखं वाटतं की नाही?"

"मी गेलेलो नाही," बाबा म्हणाले. "असं असेल तर बरंच झालं."

जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा आईने चिरोट्यांचा डबा पुढे केला. आमच्याकडे उरलेली पत्रकं रद्दीत जात नाहीत. एक बाजू कोरी असते. तिच्यावर वाण्याची यादी होते, त्या कागदात डबे बांधले जातात. आईने डबाही तसाच, कोरी बाजू वर घेऊन, दोरा लावून व्यवस्थित गुंडाळला होता. दुसरं कोणी असतं तर कागद फाडून मोकळं झालं असतं. पण मुलाची आईही आमच्यासारखीच निघाली. तिने नखाने गाठ सोडवली, दोरा बोटाला गुंडाळून पर्समध्ये ठेवला, कागद तळहाताने सपाट केला आणि घडी घालायला म्हणून उलटा केला.

"नदीवरून जाताना नाक दाबणाऱ्या पुणेकरांनो," तिने मोठ्याने वाचलं. पुढचं मनात वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मग ताट थोडं लांब सरकवलं.

वडिलांनी कागद घेऊन चाळला. "अहो, हे बुकिंगच्या आधी द्यायचं ना!"

ते एकटेच हसले.

"कुणी लिहिलंय हे?" मुलाच्या आईने विचारलं.

मी ताक पीत राहिले.

"धाकटीने," ताई म्हणाली. "मी दुरुस्त करते. नाहीतर त्यात नुसत्या शिव्या असतात. रविवारी आम्ही दोघी वाटायला जातो."

"बायोडेटात छंद म्हणून रांगोळी लिहिलंय," मुलाची आई म्हणाली.

"ते आईने लिहिलंय. मला ठिपकेसुद्धा एका ओळीत काढता येत नाहीत."

आई नदीकडे बघायला लागली. त्या बोटीवर नदीकडे इतका वेळ बघणारी ती एकटीच.

ताईने मग सरळ मुलालाच विचारलं. "लग्नानंतरही मी जाणार आहे. तुला चालेल?"

त्याने आईकडे बघितलं. मग वडिलांकडे बघितलं. तेवढ्यात पूल आला, बोट वळली, आणि आम्ही सगळे आलो त्याच पाण्यातून परत निघालो.

"घरी बोलून सांगतो," तो म्हणाला. घरचे दोघंही त्याच्या समोरच बसले होते.

चार दिवसांनी फोन आला. पत्रिका जुळत नाही म्हणाले. दोन महिन्यांपूर्वी ती उत्तम जुळली होती. मधल्या काळात ग्रहांनी जागा बदलल्या असणार. आईने माझ्याशी बोलणं टाकलं. मी तिला सांगितलं की मी एक शब्दही काढला नाही, डबा तू बांधलास. हे खरं होतं, त्यामुळे ती आणखीच भडकली.

मी त्याच संध्याकाळी बसून नवीन पत्रक लिहिलं. आईच्या तोंडाकडे बघून उत्तर देणाऱ्या मुलांवर. फार छान उतरलं होतं. नेहमीप्रमाणे ताईकडे दुरुस्तीला दिलं. तिने पेन हातात धरून ते दोनदा वाचलं, एकही खूण केली नाही.

"हे नको छापूस."

"का? एक तरी ओळ खोटी आहे का?"

"नाही." तिने पेनाचं टोपण लावलं. "आवडला होता गं मला तो."

मी कागद परत घेतला. तिच्याशेजारी जाऊन बसले. ते पत्रक मी छापलं नाही.