बावीस वह्या, एकच उडी

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी गणिताच्या प्रेमात पडले, आणि प्रेमात पडलेल्या बहुतेकांसारखीच मलाही समोरच्याची फारशी माहिती नव्हती. मिरजगावहून सकाळची एसटी धरायची, नगरला कॉलेजात पोचायचं आणि लिनिअर अल्जिब्राच्या तासाला पहिल्या बाकावर बसून मान डोलवायची. मॅडम फळाभर प्रूफ लिहायच्या, शेवटी कोपऱ्यात ‘संपलं’ म्हणून एक छोटा चौकोन काढायच्या, की माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा. प्रूफ कळलेलं असायचंच असं नाही. काटा मात्र अगदी खरा.

बी.एस्सी.पर्यंत गणित म्हणजे आकडेमोड होती. इथं आकडेच गायब. प्रश्न असायचा, अमुक गोष्ट खरी आहे हे सिद्ध करा. वडिलांनी एकदा कांदे निवडता निवडता माझी वही हातात घेतली.

“खरी हाय म्हनून वरच लिवलंय की,” ते म्हणाले. “मग तू ही दोन पानं कशाची भरलीस?”

“ती का खरी आहे, त्याची.”

“का? तुज्या म्याडमला म्हाईत न्हाई व्हय?”

मला इतकं हसू फुटलं, की हातातला सडका कांदा मी चांगल्यांच्या ढिगात टाकला आणि तो शोधायला पुन्हा सगळा ढीग उपसावा लागला.

पण खरं सांगायचं तर त्या दोन पानांतली एकही ओळ माझी नव्हती. कॉलेजसमोरच्या दुकानात ‘परफेक्ट नोट्स’ मिळायच्या. कुण्या जुन्या टॉपरचं मोत्यासारखं अक्षर, त्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. दरवर्षीचा वर्ग त्या विकत घ्यायचा, पाठ करायचा आणि पास व्हायचा. माझं पाठांतर तर विचारूच नका. डोळे मिटले की पान दिसायचं, पानावरचा चहाचा डागसुद्धा.

अशात मॅडमनी जाहीर केलं, की पुढच्या सेमिस्टरला त्या आपला आवडता विषय शिकवणार आहेत. “पण जो फळ्यापाशी उभा राहून प्रूफमधली प्रत्येक ओळ समजावून सांगेल, त्यालाच घेणार. बाकीच्यांनी कॉम्प्युटरचा पेपर घ्या, तोही चांगला आहे.” मला तो विषय हवा म्हणजे हवाच होता. आणि भीतीही होती. पाठांतर काढून घेतलं तर माझ्याकडे गणित उरतं तरी किती, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

मग मॅडमनी आमच्या गृहपाठाच्या वह्या परत दिल्या. द्यायला उभ्या राहिल्या आणि हसायलाच लागल्या. चष्मा काढून डोळे पुसले.

“बावीस वह्या,” त्या म्हणाल्या. “बावीसही जण सहाव्या ओळीवरून आठवीवर उडी मारता. तीही एकाच पायानं. ये गं, तू सांग.” बोट माझ्याकडे होतं.

गृहपाठातलं ते प्रूफ साधंच आहे. सदिशांचे, म्हणजे बाण समजा, दोन गट असतात. जुना गट पुरेसा असतो: त्यातले बाण कमी-जास्त लांबीचे घेऊन, उलटेसुलटे करून, एकमेकांना जोडून हवा तो बाण बनवता येतो. नवा गट स्वतंत्र असतो: त्यातला कुठलाच बाण त्याच्या बाकीच्या सोबत्यांपासून बनत नाही. सिद्ध काय करायचं, तर नवे कधीच जुन्यांहून जास्त असू शकत नाहीत. युक्ती भरलेल्या एसटीतली आहे. एक नवा आत घ्यायचा, एक जुना उतरवायचा, आणि गाडी तरीही पुरेशीच राहते. मग दुसरा नवा आत, दुसरा जुना बाहेर.

मी हे घडाघडा म्हणून दाखवलं.

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “दर वेळी उतरवायला योग्य जुना सापडेलच, हे कशावरून?”

डोळ्यांसमोर पान आणलं. सहावी ओळ दिसली, आठवी दिसली. मधे पानाची कड.

“मॅडम, ते... झेरॉक्समधे खालची ओळ कापली गेलीय.”

वर्गात हशा फुटला. शेजारची मैत्रीण बाकाखाली घुसून हसत होती, जणू तिच्या वहीत ती ओळ होती! मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, “मग उद्या ती लिहून आण. दुसऱ्या झेरॉक्समधून नाही, डोक्यातून.”

संध्याकाळच्या एसटीत मी वरची दांडी धरून उभी होते आणि मनातल्या मनात त्या टॉपरला शिव्या देत होते. रुईछत्तीशीचा थांबा गेला तरी डोकं ठप्प. मग चिडून उलटं धरलं: समजा, उतरवण्यासारखा एकही जुना नाही. म्हणजे आत्ता आलेला नवा बनवायला एकाही जुन्याची गरज लागली नाही. मग तो कशापासून बनला? फक्त आधी चढलेल्या नव्यांपासून! पण ते तर स्वतंत्र आहेत, एकमेकांपासून बनतच नाहीत! म्हणजे निदान एक तरी जुना लागलाच असणार, आणि त्यालाच उतरवायचं, कारण तो आता नव्यापासून आणि उरलेल्यांपासून परत बनवता येतो.

“असूच शकत नाही!” मी मोठ्यानं म्हणाले आणि खदखदून हसले.

कंडक्टर वळले. “काय झालं ओ ताई? पाकीट मारलं का?”

“न्हाई काका, सापडलं!”

“मग नीट ठिवा,” ते म्हणाले आणि पुढं गेले. मी घरापर्यंत पळत गेले. पळण्यासारखं काहीही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सातवी ओळ फळ्यावर लिहिली. मॅडम माझ्या जागेवर, पहिल्या बाकावर येऊन बसल्या. “छान. आता शेवट. नोट्समधे काय लिहिलंय?”

“‘पुढील भाग उघड आहे.’”

“उघड कसा?”

हे कुठल्याच पानावर नव्हतं. कापलेलंही नव्हतं, कुणी कधी लिहिलंच नव्हतं. आणि मला जाणवलं, की मी पान शोधतच नाहीये. मी त्या गाडीकडे बघतेय. समजा नवे जास्त आहेत. एकेक करत सगळे जुने उतरले. गाडीत फक्त नवे, गाडी पुरेशी, आणि एक नवा अजून खाली उभा. पुरेशी आहे, म्हणजे तोही आतल्यांपासून बनणार. पण तो तर त्यांच्यापासून बनूच शकत नाही! म्हणजे असा जास्तीचा कुणी नसतोच. हात फळ्यावर धावत होता, खडू दोनदा मोडला, मी बोलता बोलता हसत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

चौकोन काढून मी वळले. “मॅडम, बरोबर आहे?”

“मला कशाला विचारतेस?” त्या म्हणाल्या. “तू सांग.”

मी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. सावकाश, एकेका ओळीवर थांबून. कुठंही उडी नव्हती.

“आहे,” मी म्हणाले. “बरोबर आहे.”

मॅडमनी पेन उघडलं आणि पुढच्या सेमिस्टरच्या कोऱ्या यादीत पहिलं नाव लिहिलं.