पनागरची ओली भिंत

निवृत्त झालो त्या दिवशी कारखान्यातल्या लोकांनी हार घातला, शाल दिली, आणि आठवडाभरात कागद आला की ठरलेल्या मुदतीत क्वार्टर रिकामं करा. एकतीस वर्षं त्या क्वार्टरात राहिलो. ते सरकारचं आहे हे प्रत्येकाला माहीत असतं, पण माणूस मागच्या बाजूला स्वतःच्या पैशानं शेड घालतो, लिंबाचं झाड लावतो आणि विसरून जातो. मीही विसरलो होतो. बायको मात्र दहा वर्षांपासून मागे लागली होती की आपलं काहीतरी पाहून ठेवा. मी म्हणायचो, पाहू.

तिची मागणी एकच होती. घर जमिनीवरचं हवं. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं, पण साखर इतकी वरखाली व्हायची की ते होईना. "खोल्या दोनच असू द्या," ती म्हणायची, "पण चढउतार नको. दार उघडलं की अंगण, बस." आमच्या पैशात शहरात मदन महलकडे तसं घर मिळणं शक्यच नव्हतं. जुन्या गढा भागात एक होतं, तर त्या गल्लीत स्कूटरही शिरेना. म्हणून आम्ही आजूबाजूच्या गावांकडे वळलो. पाटण, बरेला आणि पनागर अशी तीन गावं ठरली. मी एक वही केली, रकाने आखले आणि खूश झालो.

मी कारखान्यात तपासणी विभागात होतो. आमच्या कामाची पद्धत साधी होती. हजार नगांचा लॉट आला की सगळे तपासत बसायचं नाही. त्यातले ठरावीक काढायचे, मापाचा गेज लावायचा, आणि त्यातला एक जरी नग चुकला तर अख्खा लॉट परत. कुणी कितीही गयावया करो. या कडकपणाचा मला भारी माज होता. साहेब लोकही मला दबकून असायचे, आणि हे मी घरी जेवताना पुन्हा पुन्हा सांगायचो.

घरंही मी तशीच पाहायला लागलो. खिशात एक गोटी असायची. ती फरशीवर सोडायची, कुठे घरंगळते ते पाहायचं. नाण्यानं टाइल ठोकायची, पोकळ वाजली की वहीत फुली. भिंतीला तळहात लावून ओल पाहायची. पाटणचा दलाल पाहतच राहिला. "अंकलजी, मकान देख रहे हैं कि बम?" त्यानं विचारलं. मला राग आला नाही, उलट बरंच वाटलं.

बायकोला मी बाहेर स्कूटरजवळ उभं करायचो. ही अक्कल मला सेक्शनमधल्या जुन्या मंडळींनी दिली होती. बाईमाणसाला घर आवडलं की ते चेहऱ्यावर दिसतं, आणि दलाल तिथेच भाव चढवतो. त्यामुळे आत जायचं ते पुरुषानं, तेही तोंड वाकडं करून. दुखऱ्या गुडघ्यांची बाई उन्हात सीटला टेकून उभी, आणि मी आत त्याच गुडघ्यांसाठी घर शोधतोय. तेव्हा यात मला काहीही विचित्र वाटलं नाही.

पाटणच्या घराला जोत्यापासून छतापर्यंत चीर होती. तिथली काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. घर नापास, तर पाटण नापास. दलाल म्हणत होता की पलीकडच्या वस्तीत मुरुमाची जमीन आहे, तिथली चार घरं दाखवतो. मी हात हलवून निघालो. बरेल्यात गोटी स्वयंपाकघरातून सुटली ती थेट संडासाच्या दारात जाऊन थांबली. बरेला नापास. मंडला रोडवरून परत येताना बायको मागून म्हणाली, "अहो, एक घर पाहून गाव काहून सोडून राहिले तुम्ही?" मी तिला लॉटची पद्धत समजावून सांगितली. माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे ती लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी शिकली होती.

पनागरला मात्र ती आत गेली. घराची मालकीण म्हातारी होती, एकटीच राहायची आणि लेकीकडे कटनीला जाणार होती. तिनं बायकोला बाहेर उभं पाहिलं आणि माझ्यावरच डाफरली. "बहू को धूप में काहे खड़ा किया है?" हाताला धरून आत नेलं, अंगणात बाजेवर बसवलं. सीझन होता, अंगणात मटाराचा ढीग पडलेला. मी आत टाइल ठोकत होतो तेवढ्यात या दोघी शेंगा सोलायला बसल्याही. बाहेर आलो तर बायको पाय लांब करून बसलेली, आणि कितीतरी दिवसांत न ऐकलेलं तिचं मोठ्यानं हसणं ऐकू येत होतं. चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं. मी डोळ्यांनी दटावलं तरी ती थांबली नाही.

घर सरळ होतं. गोटी जिथे ठेवली तिथे राहिली. भाव आमच्या आवाक्यातला, स्टेशन पायी जाण्याएवढं जवळ. फक्त मागच्या खोलीच्या भिंतीला खाली हातभर ओल होती. मी वहीत फुली मारली.

"अहो, ओलच तर आहे," परतताना ती म्हणाली. "दुरुस्त करून घेऊ ना. मला आवडलं ते घर." इतक्या महिन्यांत आवडलं हा शब्द तिनं पहिल्यांदा काढला होता. मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं?" हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितोय. पुढे शहराच्या वेशीवरच्या अधारतालपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही, आणि मला वाटलं, पटलं हिला.

मग मुदतवाढीचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. दंडाचं भाडं लागणार अशी नोटीस आली. मी गुपचूप एकटाच पनागरला गेलो. घरावर नवा रंग होता. रेल्वेतल्या कुणीतरी घेतलं होतं. मालक भला माणूस, त्यानं आत बोलावलं. मी कशाला आलोय हे त्याला सांगितलं नाही, नुसतं विचारलं, मागच्या भिंतीला ओल होती ना? "अरे वो? नल का जोड़ टपक रहा था," तो म्हणाला. "प्लंबर ने आधे घंटे में ठीक कर दिया." ती भिंत मी हात लावून पाहिली. कोरडी ठणठणीत. त्याची बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. मला तिथे उभं राहवेना. घरी येऊन मी बायकोला सांगितलं की बँकेत गेलो होतो.

उरलेल्या पंधरा दिवसांत जे मिळालं ते घेतलं. अधारतालमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही, म्हणूनच स्वस्त. आणि ऐका, तो फ्लॅट माझ्या तपासणीत पास झाला. ओल नाही, चीर नाही, उतार नाही, नळाला जोर. एकही फुली नाही. माझ्या वहीत गुडघ्यांचा रकानाच नव्हता. सामान चढवलं त्या दिवशी ती प्रत्येक वळणावर बसत, कठड्याला धरत वर आली. पंचेचाळीस पायऱ्या. त्यानंतर ती फक्त दवाखान्यात जायला खाली उतरते. भाजी, दूध, दळण मी आणतो. लोक म्हणतात, किती करतात हो बायकोचं. त्यांच्या तोंडावर काहीतरी मारावंसं वाटतं.

यंदा संक्रांतीला तिनं हळदीकुंकू ठरवलं. क्वार्टरात असताना आमच्याकडे तीस-पस्तीस बायका यायच्या, कारखान्यातल्या मराठी घरांतल्या सगळ्या. तिनं फोनवर सगळ्यांना बोलावलं, तिळाच्या वड्या केल्या, वाणाला स्टीलच्या वाट्या मागवल्या. दुपारी चारपासून ती दाराशी खुर्ची टाकून बसली. जिन्यात पाऊल वाजलं की पदर सावरायची. सात वाजेपर्यंत पाच जणी आल्या. तिच्याच वयाच्या, धापा टाकत, दोन घोट पाणी पिऊन मग बोलणाऱ्या. बाकीच्यांचे फोन आले, की ताई, जिना नाही चढवत हो.

त्या गेल्यावर मी उरलेल्या वाट्या खोक्यात भरत होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "पुढल्या वर्षी आधीपासून सांगू सगळ्यांना. येतील."

"नका बोलावू कोणाला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्यांचेही गुडघे आहेत."