वरी वजन नको

अभ्यासिकेत आली की ती आधी कपाटावरची जाडजूड पुस्तकं उतरवून खाली भिंतीशी लावायची. "काका, वरी वजन नको," एवढंच म्हणायची आणि अभ्यासाला बसायची. धाराशिवात एसटी स्टँडमागं माझी ही अभ्यासिका. जागा चिंचोळी, त्यामुळं ती रास येता-जाता पायात यायची आणि मी रोज कुरकुरायचो.

मुलगी आमच्याच जिल्ह्यातल्या सास्तूर गावची. तिला सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. लेखी परीक्षा तिनं सहज काढली, अडलं ते पुढच्या मानसशास्त्रीय चाचणीत. तिथं एक धूसर चित्र थोडा वेळ दाखवतात आणि त्यावर गोष्ट लिहायला लावतात. गोष्टीवरून म्हणे माणूस कळतो. आता आपली पोरं तुम्हाला ठाऊकच आहेत. सगळ्यांची गाइडातली गोष्ट पाठ. चित्रात काहीही असो, नायक गाव गोळा करणार आणि बंधारा बांधणार. माझ्या अभ्यासिकेत जेवढे बंधारे बांधले गेले तेवढे जिल्ह्यात असते, तर उन्हाळ्यात टँकर लागला नसता.

तिनंही बंधाराच बांधला आणि नापास होऊन परत आली. वयाच्या अटीमुळं आता एकच संधी उरली होती.

सरावासाठी मी भिंतीवर चित्रं लावायचो. एकदा चित्रात घर होतं आणि दारात एक बाई. त्यावर मुलीनं लिहिलं, त्र्याण्णवच्या भूकंपात या बाईचा धाकटा भाऊ माळ्यावरच्या सामानाखाली सापडून गेला. तेव्हापासून ती घरात जड काही उंचावर ठेवू देत नाही, रोज सगळं बघून मगच झोपते.

ही बाई म्हणजे तिची आई, हे मला विचारावं लागलं नाही. काळजीपोटी मी म्हणालो, हे तिथं लिहू नकोस, घाबरट समजतील.

तिनं शांतपणे पेनाला टोपण लावलं. "काका, आईला भ्या वाटतं, म्हणून तर आमचं घर निवांत झोपतं. खोटं लिहून एकदा परत आले. आता खरंच लिहिणार. न्हाय झालं तर न्हाय."

तिथं चित्र वेगळंच आलं, पण गोष्ट तिनं आपल्याच घरातली लिहिली. निवड झाल्याचा तिचा फोन आला तेव्हा मी भर अभ्यासिकेत, पोरांसमोर रडलो.

आता ती चेन्नईला प्रशिक्षण घेतेय. तिच्या खुर्चीवर नवी मुलगी बसते. परवा या नवीनं आपली जड बॅग कपाटावर टाकली. मी उठलो, बॅग उतरवून भिंतीशी ठेवली.

"वरी वजन नको," मी म्हणालो. ती माझ्याकडं बघतच राहिली.