मालगाडी गेल्यानंतरची वीस मिनिटं

गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात मी तीस वर्षं काउंटरमागं उभा आहे. सुट्टी मिळाली की आगगाड्या बघायला जातो. बायकोला हे वेड वाटतं, आणि ते आहेच. आपल्या शहरात ट्राम कधी धावली नाही, म्हणून ती हौस सिटी बसवर भागवायची. मुकुंदवाडीहून सकाळची पहिली बस धरायची, ड्रायव्हरच्या मागची खिडकी पकडायची, स्टेशनवर उतरून एखादी गाडी बघायची आणि मग दुसऱ्या बसनं पडेगाव गाठायचं. तिथून पुढं रुळांपर्यंत अर्धा तास चालत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पाऊण तास लागतो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. थंडी इतकी होती की बसच्या काचा आतून धुकटल्या होत्या. मी रुळांशेजारच्या नेहमीच्या बांधावर जाऊन बसलो. आधी मी रेल्वे फाटकाजवळ उभा राहायचो, पण दिवाळीच्या सुमारास तिथल्या तरुण गेटमननं मला इंजिनाचे फोटो काढताना धरलं होतं. पुन्हा दिसलात तर पोलिसांच्या ताब्यात देईन, असं त्यानं चार लोकांसमोर सुनावलं. तेव्हापासून मी फाटकापासून अर्धा किलोमीटर लांब, दौलताबादच्या बाजूला बसायला लागलो. रुळांच्या खडीवर पाऊल ठेवायचं नाही हा माझा नेम पहिल्यापासूनच होता.

त्या दिवशी बांधाखाली एक धनगर नवराबायको मेंढरं चारत होते. महिनाभर त्यांचा तळ तिथंच होता, त्यामुळं तोंडओळख झाली होती. नवऱ्याच्या डोक्याला लाल फेटा, बाईच्या हातात काठी.

नऊच्या पुढं दौलताबादकडं जाणारी एक मालगाडी आली. रिकामी होती आणि बऱ्या वेगात होती. आता रूळ वेल्डिंगनं सलग जोडलेले असतात, त्यामुळं चाकांची पूर्वीसारखी खडखड होत नाही, नुसती घरघर ऐकू येते. पण मधले डबे समोरून जायला लागले तसा एकाच जागी दणका बसायला लागला. प्रत्येक चाकाला एक, आणि दर डब्यागणिक जास्त मोठा. शेवटचा डबा तर तिथं हिसका खाऊन गेला.

मी उठून उभा राहिलो. सलग रुळावर असा दणका बसतो तो रूळ तुटला असेल तरच. ही मालगाडी दौलताबादला बाजूला उभी राहणार आणि तिकडून येणारी, आधीच उशीर झालेली पॅसेंजर गाडी याच एकेरी मार्गावरून शहराकडं निघणार, हे मोबाईलवर पॅसेंजर कुठं आहे ते बघितल्यानं मला कळत होतं. हातात वीस मिनिटं असतील, नसतील. तरी त्यातली दोन मी तिथंच उभं राहून घालवली. आपला कान चुकला असेल. खडीवर गेलो आणि कुणी बघितलं तर काय सांगायचं?

"काय झालं, भाऊ?" बाईनं विचारलं.

मी बांध उतरलो आणि खडी चढून वर गेलो. ती दोघंही मागोमाग आली. अलीकडचा रूळ आरपार तुटला होता. दोन बोटं सहज मावतील एवढी फट, आणि एक टोक दुसऱ्याहून खाली बसलेलं. मी हात लावून बघितला. लोखंड बर्फासारखं होतं.

"गाडी यायचीय का?" धनगरानं विचारलं.

"यायचीय. दौलताबादहून निघेलच आता."

कुणाला फोन करायचा हे मला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर गाड्या बघितल्या, पण असा एक नंबर कधी लिहून ठेवला नाही. मी त्याला म्हणालो, दादा, फेटा सोडा आणि रुळाच्या कडेकडेनं दौलताबादकडच्या त्या वळणापलीकडं जा. गाडी दिसली की तो हलवत राहा, आणि जवळ आली की बाजूला व्हा. तो घुटमळला. गाडी थांबवली म्हणून धरून तर नेणार नाहीत ना, असं त्यानं विचारलं. जबाबदारी माझी, मी म्हणालो. तेवढ्यात त्याची बायको बोलली, "जावा तुमी. मेंढरं मी बघते." तो पळत सुटला.

मी फाटकाकडं निघालो. पळणं म्हणता येणार नाही ते. एक पाय पळत होता आणि दुसरा ओढला जात होता. निम्म्या वाटेवर मला फाटक खाली येताना दिसलं. म्हणजे पॅसेंजर निघाल्याचा निरोप आला होता.

गेटमननं मला लांबूनच ओळखलं. तोंडावर राग घेऊन तो केबिनबाहेर आला.

"रूळ तुटलाय," मी म्हणालो. पुढचं बोलायला श्वास नव्हता.

"कुणी सांगितलं?"

"मी बघितला. हात लावून बघितला."

"खोटं निघालं तर तुमचं काय हुईल माहितीय ना, काका?"

"माहितीय. आधी फोन करा."

त्यानं फोन उचलला. पलीकडून काय सांगितलं ते त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. गाडी दौलताबाद स्टेशन सोडून गेली होती. त्यानं लाल झेंडी उचलली, फाटक उघडू देऊ नका एवढंच मला बजावलं आणि रुळांतून पळत सुटला.

मी फाटकाशी उभा राहिलो. अडकलेले मोटारसायकलवाले हॉर्न वाजवत होते. एकजण आडव्या दांड्याखालून वाकून निघून गेला, मी त्याला अडवलंही नाही. माझं लक्ष वळणाकडं होतं. तिथून पुढचं काहीच दिसत नव्हतं. गेटमन अजून तुटलेल्या जागेपर्यंतसुद्धा पोचला नव्हता. तेवढ्यात इंजिनाचा भोंगा ऐकू आला, लांबलचक. मग लगेच तुटक तुटक, एकामागून एक. मग ब्रेकची किंकाळी, आणि ती किती वेळ चालली ते मला सांगता येणार नाही. नंतर काहीच ऐकू येईना.

फाटक सोडायचं नाही म्हणून मी जागचा हललो नाही. पंधरा मिनिटांनी गेटमन परत आला तेव्हा घामानं भिजला होता. गाडी थांबली, तुटलेल्या जागेपासून शंभरएक पावलांवर, असं तो म्हणाला. आणि तो धनगर? मी विचारलं. हाय, म्हणाला, बसलाय तिथं.

मी चालत गेलो. धनगर खडीवर बसला होता, फेटा मांडीवर. इंजिनाचा ड्रायव्हर अजून चिडलेलाच होता. तो मला म्हणाला की हा माणूस रुळाच्या मधोमध उभा होता, भोंगा देऊन देऊन थकलो तरी हलेना. शेवटच्या क्षणी गाडीचा वेग मोडला तेव्हा कुठं बाजूला झाला.

"मी बाजूला व्हायला सांगितलं होतं, दादा," मी म्हणालो.

"कडंला व्हतो की आधी. त्याला वाटलं असंल, कुणी खेळ करतंय. वेग कमी करंना. मग मधी गेलो."

त्यानंतर बरीच गडबड झाली. प्रवासी उतरून फोटो काढायला लागले. बाईच्या हातून मेंढरं पांगून हरभऱ्यात शिरली होती, त्या शेताचा मालक काठी घेऊन आला, आणि काय घडलं ते समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला. ते ऐकून तो स्वतःच मेंढरं हाकायला लागला. दुपारी रेल्वेचे साहेब लोक आले, जबाब घेतला. तुम्ही इथं कशासाठी आला होता, असा त्यांचा प्रश्न. गाड्या बघायला, मी म्हणालो. लिहिणाऱ्याचं पेन थांबलं. तेव्हा मागून गेटमन म्हणाला, "येतात ते, साहेब. लांब बसतात." मग ते लिहिलं गेलं.

संध्याकाळी घरी गेलो तर गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, तेव्हा तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "आणि त्याला काही झालं असतं तर त्या बाईला काय सांगणार होता तुम्ही?"

पुढच्या आठवड्यात तिकडं गेलो, त्या दोघांना भेटायला. तळ उठला होता. फर्दापूरच्या अंगाला गेली असतील, असं हरभऱ्याच्या शेतमालकानं सांगितलं. त्यानं आपल्या मोकळ्या रानात मेंढरं रात्रीची बसवून घेतली होती; तिथं लेंड्यांचा थर होता, आणि खत म्हणून तो फावड्यानं त्या पसरवत होता.