गौरम्माचं पहिलं पाणी

शुक्रवार पेठेतल्या गौरम्माला अंघोळीला कोमट पाणीच मानवतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तीच सांगायची ना तसं! "मला कढत पानी सोसत न्हाय बाई," असं ती लग्न झाल्यापासून म्हणत आली होती, आणि इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट खोटी कोण ठरवणार? खरं एवढंच होतं की कढत पाणी तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं.

अक्कलकोटकडच्या खेड्यातून ती सून म्हणून सोलापुरात आली आणि घरातला तांब्याचा बंब तिच्या गळ्यात पडला. कोंबडं आरवायच्या आत उठायचं, राख काढायची, गोवऱ्या-चिपाडं घालून बंब पेटवायचा. मग सासरे, दीर, गिरणीची पाळी गाठायची म्हणून नवरा, मागून पोरं, आलेगेले पाहुणे. जो तो बादलीभर ऊन पाणी काढून घ्यायचा आणि बंबात वरून घागरभर गार पाणी ओतून मोकळा व्हायचा. गौरम्माची पाळी येईतो निखारे पार निवलेले असायचे. दिवाळीतही तेच. सगळ्यांना तेल-उटणं चोळून न्हाऊ घालायची आणि आपण उरल्यासुरल्यावर भागवायची. याचं वाईट वाटून घ्यायला तिला सवड कुठली?

शहात्तर साली दिवाळी तोंडावर आली आणि बंबाचा तळ गेला. तांबटानं टिचकी मारून पाहिलं आणि मान हलवली. "अम्मा, पत्रा कागदावानी झालाय. डाग द्यायचा तरी कुटं?"

थोरला मुलगा रेवणसिद्ध शाळेत कारकून होता. त्यानं बंब तांबटाच्याच हवाली केला आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावर, न्हाणीच्या भिंतीवर विजेचा गीझर बसवून घेतला. मिस्त्रीनं सगळं समजावून सांगितलं. पाणी गच्चीवरच्या टाकीतून आपोआप येतं, भरायची कटकट नाही. खालच्या बारक्या नळातून अधूनमधून सगळं पाणी काढून टाकायचं, म्हणजे गाळ जातो. मग त्यानं बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि थोड्या वेळानं नळातून वाफाळतं पाणी पडू लागलं.

गौरम्मानं तोंडावर पदर धरला. वाकून गीझरच्या खाली पाहिलं, विस्तव नव्हता. परसात जाऊन वर पाहिलं, धूर नव्हता. परत येऊन गीझरच्या पोटावर तळहात ठेवला.

"ह्यात जळतंय काय रे?"

"वीज, अव्वा."

"ती कुटं हाय? दाव की."

शिकलासवरला रेवणसिद्ध डोकं खाजवत राहिला. दुपारपर्यंत तिनं शेजारच्या पाचसात बायकांना ते नवल दाखवलंही. संध्याकाळी रेवणसिद्ध म्हणाला, "अव्वा, उद्या पैली आंगुळ तुजी. आमी समदी तुज्या मागनं."

"गप रे, मला कोमटच बरं," ती म्हणाली. पण मनातून अशी हरखली की नंतर भाकऱ्या थापताना दोन करपल्या.

त्यांच्याकडं त्या सांजेला पाणी भरायचा सण. बंब घासून लख्ख करायचा, चुन्याचे आणि गेरूचे पट्टे ओढायचे, वेल गुंडाळायचा, शिळं पाणी सांडून नवं भरायचं आणि पहाटेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. बंब गेला म्हणून सण थोडाच चुकवायचा? गौरम्मानं गीझरला पट्टे ओढले, वेल बांधला, कुंकू लावलं. सून तोंड दाबून हसली. मग गौरम्मानं खालचा बारका नळ उघडून शिळं पाणी सगळं सांडलं आणि नळ बंद केला. आता भरायचं कुठून? त्याला तर तोंडच नव्हतं. पण आपलं आपण भरतं म्हणाला होता की मिस्त्री! विस्तवावाचून जे तापतं, ते हातावाचून भरणारच. तिनं भक्तिभावानं हात जोडले. सणासाठी दिवसभर घर धुऊन गच्चीवरची टाकी कोरडी ठाक पडली होती, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तिनंच बटण दाबलं. लाल दिवा लागला. ती पाटावर बसून वाट पाहू लागली. जरा वेळानं जळका वास सुटला, फट् आवाज झाला आणि घरभर अंधार.

रेवणसिद्ध बॅटरी घेऊन धावत आला. "अव्वा, आत पानीच न्हवतं की! जळला."

गौरम्मानं बटण बंद केलं. तो गेल्यावर पदर तोंडात कोंबून रडली. गीझरसाठी नव्हे; तो दुरुस्त झाला असता. हाती आलेलं पहिलं पाणी तिनं आपल्याच हातानं सांडलं होतं, आणि कढत पाणी सोसत नाही म्हणणाऱ्या बाईला त्यासाठी चारचौघांत रडायचीही सोय नव्हती.

दारात नवरा उभा होता. वीरभद्रप्पानं तिला पाहिलं आणि तो परसात गेला.

थोड्या वेळानं परसातून धूर आला. गौरम्मा बाहेर येते तो काय! ज्यानं जन्मात पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं भरून घेतला नव्हता, तो माणूस तीन विटा मांडून, पिंपातल्या पाण्याचा हंडा चढवून, गुडघे टेकून फुंकणी फुंकत होता. धोतराला काजळी, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. ती थक्क होऊन पाहतच राहिली. काल गीझर बघताना तिला नवल वाटलं होतं. हे बघताना तिच्या अंगावर काटा आला.

"अवो, उठा. मी करते."

"बस तितं." त्यानं डोळे पुसले. "ह्या धुरात रोज बसत हुतीस व्हय?"

"पोरं खोळंबल्यात. पैलं त्यांचं हू द्या."

"पैलं तुजं." तो चुलीकडंच बघत राहिला. "तू म्हनलीस कोमट बरं, आन् मी खरं मानलं. माजं बरं चाललं हुतं की."

हंडा त्यानंच फडक्यानं धरून न्हाणीत नेला आणि बाहेर येऊन पुन्हा चुलीपाशी बसला. आतून पहिल्या तांब्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा तांब्या, अगदी सावकाश.

"अप्पा, लई येळ झाला की," रेवणसिद्ध ओसरीवरून ओरडला. "पोरं तेल लावून कुडकुडत्यात."

"कुडकुडू दे," वीरभद्रप्पा म्हणाला आणि तिच्यासाठी दुसरा हंडा चढवला.